दिंडीच्या ट्रॉलीला आपोआप लागणारी हिच : कामाच्या नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार

आज शेडातून दिंडीची ट्रॉली बाहेर काढली. यंदा आषाढी एकादशी ६ जुलैला आहे. आमच्या मुक्ताईनगर भागातून पायी निघणाऱ्यांना जूनच्या पहिल्या आठवड्यातच घर सोडावं लागतं. हातात साडेसात आठवडे आहेत आणि त्यात एकच काम पुरं करायचं आहे. ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मध्ये माणूस उभा राहता कामा नये.

ट्रॉली शेतातलीच, दोन चाकांची. वर पत्र्याचं छप्पर, बाजूला फळ्या, आत गॅसच्या दोन शेगड्या, पिठाचे डबे, भांडी, अंथरुणांची गाठोडी आणि हजार लिटरची पाण्याची टाकी. महिनाभर हेच आमच्या दिंडीचं घर. मुक्कामाला पोचलं की ट्रॉली सोडायची, त्याच ट्रॅक्टरने गावातून पाण्याचा टँकर ओढून आणायचा, पहाटे पुन्हा ट्रॉली लावायची. म्हणजे जोड-सोड दिवसातून चार वेळा, त्यातली दोनदा अंधारात.

मागच्या वर्षी अशाच एका पहाटे पाऊस होता. आप्पा, माझा थोरला चुलतभाऊ, दांड्यापाशी उभा. मी ट्रॅक्टर मागे घेत होतो. ट्रॉलीच्या दांड्याची कडी हिचमध्ये, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या जोडात, शिरली, पण पिन टाकायची भोकं जुळेनात. बॅटरी धरायला तिसरा माणूस नव्हता. आप्पाने नेहमीप्रमाणे भोक चाचपायला बोट आत घातलं, तेवढ्यात चिखलावर ट्रॅक्टर वीतभर सरकला. अंगठ्याशेजारचं बोट दुसऱ्या पेरापासून गेलं. क्लचवर पाय माझा होता.

आप्पाने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. पण बसल्या जागी हाताची घडी घालतो तेव्हा ते बोट आत दडवतो. मला ते दर वेळी दिसतं.

१६ एप्रिल

सकाळी सातला मापं घ्यायला बसलो. दहानंतर लोखंडाला हात लावता येत नाही असं ऊन पडतंय.

जुनी पिन २५ मिमी सळईची, वर वाकवून दांडी केलेली. ट्रॉलीची कडीही सळई वाकवून गावातच बनवलेली. व्हर्नियर लावला तर भोक आडवं ३४ आणि उभं, म्हणजे ओढीच्या दिशेने, ४१ मिमी. २५ ची पिन ४१ च्या भोकात, म्हणजे १६ मिमीची मोकळीक. गिअर टाकला की जो खडखडाट आणि धक्का बसतो तो हाच. इतकी वर्षं आम्ही त्याला ट्रॉलीचा आवाज समजत होतो. कडीच्या आतल्या कडेला नखाने जाणवेल अशी धार आली आहे. घासून घासून लोखंड पातळ झालंय.

ओढीचा हिशेब केला. ट्रॅक्टर ४५ हॉर्सपॉवरचा, वजन २.१ टन. भरलेली ट्रॉली ३ टन धरली. दोन्ही वजनांचा गुणाकार ६.३, बेरीज ५.१. भागाकार १.२३५ येतो, त्याला ९.८१ ने गुणलं की १२.१ किलोन्यूटन. याला डी-व्हॅल्यू म्हणतात. कारखान्यात बनलेल्या हिचच्या पाटीवर हा आकडा ठोकलेला असतो, आणि दांड्याचं किती वजन हिच वरून झेलू शकते तोही वेगळा असतो. घेताना दोन्ही बघायचे. आपल्या हिशेबाच्या कितीतरी वरचे आकडे असलेलीच घ्यायची, कारण खड्ड्यातला झटका या सूत्रात येत नाही.

२० एप्रिल, रविवार

भुसावळहून मामा आले. रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते, आता निवृत्त. त्यांना अंगणात खाट टाकून दिली आणि कागद पुढे ठेवला.

मामांनी कागद पाहिलाच नाही आधी. म्हणाले, "मालगाडीच्या वाघिणी कशा जोडतात, पाहिलंय का तू कधी?" त्यांनी दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकवून एकमेकांत अडकवून दाखवली. वाघिणींना सीबीसी कपलर, म्हणजे मधोमध बसवलेला आपोआप लागणारा जोड, असतो. दोन वाघिणी हलकेच एकमेकींवर आल्या की वाकडं बोट बंद होतं आणि आतला अडसर आपल्या वजनाने मागे पडतो. मग ते बोट उघडत नाही. सोडायचं तर वाघिणीच्या बाजूला उभं राहून दांडी उचलायची. मध्ये शिरायचं काम नाही.

अमेरिकेत रेल्वेवर आधी कडी आणि पिनच होती, थेट आपल्या ट्रॉलीसारखी. गाडी मागे येत असताना माणसाने मध्ये उभं राहून कडी धरायची आणि पिन टाकायची. तिथल्या कामगारांच्या हाताची बोटं पाहूनच तो किती वर्षं या कामावर आहे ते कळायचं, असं मामा त्यांच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं सांगत होते. एली जॅनी नावाच्या माणसाने १८७३ मध्ये आपोआप लागणाऱ्या कपलरचं पेटंट घेतलं आणि १८९३ मध्ये तिथल्या सरकारने कायदाच करून असे कपलर सक्तीचे केले.

मी गप्प ऐकत होतो. दीडशे वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाचं उत्तर निघालं, त्यापायी मागच्या वर्षी आमच्या घरातलं बोट गेलं.

मामांचा सल्ला एका ओळीत लिहून ठेवतो: तोंड विकत घे, पाट गावात बनव. तोंड म्हणजे हिचचं डोकं, ज्यात पिन आणि स्प्रिंग असते. पाट म्हणजे ते डोकं ट्रॅक्टरला बसवायची जाड प्लेट. डोकं घडीव पोलादाचं असतं, त्याला ठरावीक उष्णतेचं पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-थंड करून कणखर केलेलं असतं. त्यावर गावात वेल्डिंग केलं तर ते पाणी उतरतं आणि बाहेरून काही दिसत नाही. काही ठिकाणी कमानपाट्याचे तुकडे कापून आपोआप लागणारा हुक बनवून देतात, मी दोन पाहिले आहेत. शेतात एकट्याने खत वाहायला कोणी वापरत असेल. तीन टनांची ट्रॉली रस्त्यावर, पुढे-मागे वारकरी चालत असताना, मी तसा हुक लावणार नाही.

२४ एप्रिल

पार्सल आलं. हिचचं डोकं, चार बोल्टांवर बसणारी कडी आणि ती जिच्यावर बसते ती लोखंडी पाटी.

डोकं जमिनीवर ठेवून तासभर नुसतं पाहत बसलो. पुढे नरसाळ्यासारखं पसरट तोंड, म्हणजे कडी थोडी डावी-उजवी आली तरी आत घसरत येते. वरून खाली येणारी ३८ मिमीची पिन, मध्यभागी किंचित फुगीर, पिंपासारखी. तिच्या फुगीरपणामुळे रस्त्याच्या चढ-उताराला कडी वरखाली झुकू शकते. बाजूचा दांडा वर ओढला की पिन वर जाते आणि तिथेच अडकून राहते, घोडा चढवलेल्या बंदुकीसारखी. तोंडाच्या आत मागच्या बाजूला एक जीभ आहे. कडीने आत येऊन ती जीभ दाबली की घोडा सुटतो आणि स्प्रिंग पिनीला खाली हाणते. पिन खालच्या बुशमध्ये, म्हणजे भोकातल्या पोलादी नळीत, पूर्ण बसली की बाजूची एक छोटी खुंटी आत जाते. खुंटी बाहेर असेल तर पिन अर्धवट आहे. सगळं डोकं आपल्या आसाभोवती जोर लावला की फिरतं, त्यामुळे उद्या ट्रॉली कलंडलीच तर ती ट्रॅक्टरला सोबत पिळून नेत नाही.

आप्पा आला. मी म्हटलं, "आप्पा, हात नको हं आत." त्याने काही उत्तर दिलं नाही. बांधावरून उसाचं एक कांडं आणलं, दांडा ओढून पिन चढवली आणि ते कांडं तोंडात घालून जिभेवर दाबलं. खाड्! कांडं चेचून दोन तुकडे झालं आणि रस पायावर उडाला. पोरं बघत होती, ती सगळी एक पाऊल मागे सरली. तेव्हाच नियम ठरला. पिन चढवलेली असताना तोंडासमोर कोणी हात न्यायचा नाही. तपासायचं तर लाकडाने.

एक घोळ झाला आहे. ४० मिमीची कडी मागवली होती, आली ५० ची. ३८ च्या पिनीवर ५० ची कडी म्हणजे १२ मिमी ढिली, पुन्हा तोच खडखडाट. दोन्ही मापं बाजारात चालतात आणि वरवर सारखीच दिसतात. पिनीवर ठेवून हलवून पाहिली म्हणून कळलं. विक्रेत्याला फोन केला, तो बदलून द्यायला तयार आहे.

२८ एप्रिल

बरोबर कडी आली. तिच्या भोकातली बुश ४०.२ मिमी. सोबतच्या कागदावर लिहिलंय की ४१.५ झाली की बुश बदलायची. तो आकडा शेडाच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवला.

आज दांड्याचं वजन केलं. केळी तोलायचा काटा आणला, त्यावर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर दांड्याचं टोक. सामान भरून, टाकी रिकामी असताना १६५ किलो. आता टाकी. आजवर ती ट्रॉलीच्या मागच्या टोकाला असायची, नळ बाहेरून वापरता यावा म्हणून. आसापासून टाकीचा मध्य ६० सेमी मागे, आसापासून कडी ३.५ मीटर पुढे. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. १००० गुणिले ०.६ भागिले ३.५, म्हणजे १७१ किलो पुढून कमी. १६५ मधून १७१ गेले.

दांडा तरंगत होता. मागच्या वर्षी टाकी भरली की दांडा आपोआप वर उचलला जायचा आणि आम्ही दोघं त्यावर बसून पिन टाकायचो. भोकं जुळत का नव्हती, चिखलात ट्रॅक्टरची मागची चाकं का घसरत होती, त्याचं अर्धं उत्तर या काट्यावर मिळालं. पिनीवर वजनच नव्हतं.

टाकी आसाच्या ३५ सेमी पुढे घ्यायची. भरली असताना २६५ किलो, रिकामी असताना १६५. कधीच शून्याखाली जाणार नाही. नळासाठी पाइप मागे न्यावा लागेल, एवढंच.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)

काम बंद. बहिणी माहेरी आल्या आहेत, लिंबाला झोका बांधला आहे, घागर भरली. आजपासून नवा सालदार (सालगडी) कामावर. चोपड्याकडचा पोरगा आहे, ट्रॅक्टर चांगला चालवतो. यंदा दिंडीत तोच ट्रॅक्टरवर असणार. जेवणानंतर त्याला शेडात नेऊन हिच दाखवली. तो पहिलंच जे म्हणाला ते मला आवडलं: "दादा, मी एकटा असनू तरी लागी जाई का?" त्यासाठीच तर सगळं चाललंय.

४ मे

पाट. २० मिमी जाड प्लेट, ३०० बाय २५०, बारा किलोच्या आसपास. लेथवाले अमळनेरकडचे, आता मुक्ताईनगरला दुकान आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगवर जुन्या हिचची सहा भोकं आहेत, त्यांचा पुठ्ठ्यावर साचा काढून नेला. गॅस कटरने भोकं पाडायला मी नाही म्हटलं. कापलेल्या भोकाची कड कडक आणि ओबडधोबड होते, बोल्ट नीट बसत नाही. ड्रिलनेच हवीत. ते हसून म्हणाले, "भाऊ, हाई काम मी करस, पन घाई नको करू." तीन तास लागले. बोल्ट हाताने, न ठोकता, सहाही भोकांत गेले.

पाटामुळे जोडाचा बिंदू ९० मिमी मागे सरकला. याने पुढची चाकं किती हलकी होतात ते काढलं. आधी मागच्या आसापासून हिच ७० सेमी होती, आता ७९. दोन आसांमधलं अंतर १.९५ मीटर. २६५ किलोच्या दांड्याने पुढचं वजन आधी ९५ किलोने कमी व्हायचं, आता १०७ ने. बारा किलोचा फरक, चालेल. उंची मात्र जुनीच ठेवली, बोटभरही वर नाही. ओढ मागच्या आसाच्या वर गेली तर चढावर ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालकाला उतरायलाही वेळ मिळत नाही.

७ मे

ट्रॉलीचा दांडा १०० मिमीच्या दोन लोखंडी चॅनलचा आहे. त्याच्या टोकाला कडीची पाटी वेल्ड केली. कडी या पाटीवर बोल्टने बसणार, त्यामुळे घडीव लोखंडाला वेल्डिंगचा स्पर्श नाही. रॉड ७०१८. हा रॉड ओल धरतो आणि ओला रॉड वापरला तर सांधा आतून तडकतो, म्हणून मामांनी भट्टीतून गरम काढलेलेच वापरायला लावले. नेहमीचा ६०१३ सोपा पडतो, पण इथे नको, असं ते म्हणाले.

संध्याकाळी तड तपासली. तीन डब्यांचा स्प्रे मिळतो. सांधा पुसून लाल रंग मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कापडाने स्वच्छ पुसायचा, मग पांढरी पावडर फवारायची. तड असेल तर तिच्यात दडलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. नवा सांधा पांढराशुभ्र राहिला. पण मामांनी सहज म्हणून जुन्या दांड्यावर, जॅकच्या ब्रॅकेटपाशी, फवारा मारला. पांढऱ्यावर हळूहळू एक बारीक लाल रेघ उमटली, केसासारखी, चार सेंटीमीटर लांब. वरून रंग होता, कोणाला दिसली नसती. तेवढा भाग घासून, तड पूर्ण खणून पुन्हा वेल्ड केला आणि आतून पट्टी दिली. या एका रेघेसाठी सगळा खर्च वसूल झाला असं मी मानतो.

११ मे

पाट बसवला. बोल्ट एम-१६, ८.८ ग्रेडचे, टॉर्क पान्याने २०० न्यूटन-मीटर. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून प्लेटपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

१३ मे

पहिली चाचणी फसली. कडी नरसाळ्याच्या वरच्या ओठावर आदळली आणि ट्रॉलीच मागे ढकलली गेली. दोन चुका. दांडा ४ सेमी उंच होता आणि ट्रॉलीच्या चाकांमागे दगड लावले नव्हते. जॅकवर तीन रंगांच्या खुणा केल्या, मधली हिचच्या उंचीची. तिथवर फिरवलं की दांडा बरोबर समोर येतो.

१५ मे

उंची जमली. सालदाराने रिव्हर्स घेतला, खट्ट असा स्वच्छ आवाज आला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो ट्रॅक्टर बंद करून खाली उतरला, बाजूने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "आवाज उना, पन खुंटी बाहेरच शे."

खरंच बाहेर होती, अर्धा इंच. पिन कडीतून गेली होती पण खालच्या बुशमध्ये बसली नव्हती. तसंच निघालो असतो तर पहिल्या मोठ्या गतिरोधकापर्यंत कदाचित काही झालं नसतं. काढून पाहिलं तर खालच्या बुशच्या तोंडाशी वेल्डिंगचा एक बारीक दाणा चिकटलेला, आणि ग्रीसमध्ये शेताची धूळ बसून त्याची लापशी झालेली. दाणा कानशीने काढला, बुश रॉकेलने धुतली, नवं ग्रीस थोडंच लावलं. नंतर दहा वेळा जोडली, दहाही वेळा खुंटी आत.

आवाजावर विसंबायचं नाही, हे मी मोठ्या अक्षरात ट्रॉलीवर लिहून घेणार आहे. खुंटीच्या मानेला लाल रंग दिला. पिन पूर्ण बसली की लाल दिसत नाही. लाल दिसलं तर निघायचं नाही. त्यानंतरची पायरी: दांड्याचा जॅक वर घ्यायच्या आधी पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढायचं. चाकांना पुढूनही दगड असतात, त्यामुळे ट्रॉली जागची हलत नाही आणि जोड ताणून तपासला जातो.

१८ मे

सीटवरून सोडता यावं म्हणून हिचच्या दांड्याला ४ मिमीची वायर लावून ती सीटमागे आणली होती. चांगली चालत होती. आज सहज ट्रॅक्टरच्या लिफ्टचे, म्हणजे अवजारं उचलायचे, हात वर घेतले, तर वर जाणाऱ्या हाताने वायर ताणली आणि पिन अलगद वर आली. ट्रॉली जोडलेली असताना!

दहा मिनिटं मला बोलता आलं नाही. रस्त्यात कोणाचा हात चुकून लिफ्टच्या दांड्याला लागला असता तर चालती ट्रॉली सुटली असती. वायर पूर्ण काढून टाकली. तिच्या जागी मडगार्डच्या बाहेर, डाव्या चाकाच्या मागे, हाताने ओढायची सळई बसवली आणि तिला आडवा खिळा. खिळा काढल्याशिवाय सळई हलत नाही. चालकाला खाली उतरून बाजूला यावं लागतं, पण तो चाकाच्या बाहेर उभा असतो, मध्ये नाही. सीटवरून सोडायची सोय गेली, तिचं मला दुःख नाही.

शिवाय साखळी. १० मिमीची, ग्रेड ८०, भार ३.१५ टन. दोन पदर दांड्याखालून एकमेकांना छेदून. पिन सुटलीच तर दांडा रस्त्यावर न आपटता साखळीच्या झोळीत पडेल.

२३ मे

पूर्ण भार घालून वीस किलोमीटर. टाकी भरलेली, गहू-तांदळाची पोती, भांडी. डांबरी रस्ता, कच्चा रस्ता, आणि मुद्दाम एक बांध तिरका ओलांडला, डोकं फिरतं का पाहायला. फिरलं. गिअर टाकताना धक्का नाही. इतक्या वर्षांचा तो खडखडाट थांबल्यावर पहिल्यांदा वाटलं की मागे ट्रॉली नाहीच, आणि मी दोनदा वळून पाहिलं.

परत आल्यावर मात्र दोन बोल्टांवरच्या पांढऱ्या रेघा तुटलेल्या. पाटाच्या मागच्या बाजूला मी हौसेने रंगाचे दोन जाड हात मारले होते. दोन लोखंडांमध्ये रंग राहिला तर तो दाबाखाली दबतो आणि बोल्ट ढिले होतात. पाट उतरवला, जोडाची पृष्ठं घासून पांढरी केली, नवे बोल्ट टाकले. २५ तारखेला पुन्हा तेवढंच अंतर काढलं, रेघा अखंड. सगळं मिळून खर्च २४,००० रुपयांच्या आत राहिला. अर्धा दिंडीच्या वर्गणीतून, अर्धा आमच्या घरातून.

२७ मे

रात्रीचा सराव. दिवे बंद करून, फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्यावर. सालदार एकटा. जॅक मधल्या खुणेवर, चाकांना दगड, पिन चढवली, चढून बसला, मागे आला. तिसऱ्यांदा त्याने बाहेरून बॅटरी मारली, लाल दिसत नव्हतं. मग आप्पा म्हणाला, "थांब, मी करतो." मागच्या आषाढीनंतर तो ट्रॅक्टरच्या मागे कधी उभाही राहिला नव्हता. त्याने ट्रॅक्टर मागे घेतला, ट्रॉली लावली, उतरून खुंटी पाहिली, आणि तेच अर्धं बोट खुंटीवर ठेवून ती आत गेल्याची खात्री केली.

ट्रॉलीवर पिवळ्या रंगात लिहून घेतलं: चालत्या ट्रॉलीत कोणी बसू नये. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मध्ये कोणी जाऊ नये. लाल दिसलं तर हलू नये.

५ जून

दिंडी निघाली. मागच्या बाजूला रिफ्लेक्टरच्या पट्ट्या, दोन्ही इंडिकेटर चालू. आईने हिचला हळद-कुंकू लावलं. खुंटीवर लावू नको म्हटलं, तर तिने विचारून खुंटी कुठली ते समजून घेतलं आणि पाटावर लावलं.

८ जून, मोताळ्याच्या अलीकडे मुक्काम

रात्री जोराचा पाऊस. पहाटे साडेतीनला ट्रॉली लावायची होती, पायाखाली चिखल, मागच्या वर्षीसारखाच. मी उठून निघालो तोवर सालदाराने लावलीही होती. आप्पा छत्री घेऊन दहा फुटांवर बाजूला उभा होता. जॅकचा पाय चिखलात रुतून दांडा खाली बसला होता, म्हणून आधी त्याखाली फळी घालावी लागली. फळी आता कायमची ट्रॉलीत ठेवायची.

१० जून, बुलढाणा

राजूर घाट चढून आलो. वारकऱ्यांना अर्धा तास आधी पुढे पाठवलं, ट्रॉली मागून एकटी. पहिल्या गिअरमध्ये, वळणावरही धक्का नाही, पुढची चाकं जमिनीला धरून. वर आल्यावर हात लावून पाहिलं, हिच कोमट होती, पाट थंड. रेघा सहाही अखंड. बुश मोजली, ४०.२. ग्रीस पुसून नवं लावलं. डाव्या साखळीची एक कडी दांड्याला घासते आहे, तिथे टायरच्या रबराचा तुकडा बांधला.